फ्रिगच्या सख्यांच्या गावी

रेक्याविक ही आइसलँडची राजधानी. शहरातल्या टेकडीवर हाल्ग्रिम्सकिर्क्या नावाचे चर्च आहे, साडेचौऱ्याहत्तर मीटर उंच. १९४५ साली बांधायला घेतले आणि १९८६ साली पुरे झाले. शहरात कुठेही उभे राहा, त्याचा मनोरा दिसतोच. गंमत अशी, की येशूच्या या घराला चहूबाजूंनी वेढा आहे तो जुन्या देवांचा. चर्चच्या पायऱ्या उतरलात की समोर लोकीची गल्ली. तिला लागून थॉरचा रस्ता. थोडे खाली ओदिनचा, त्याच्या पलीकडे बाल्डरचा, आणि एका चिंचोळ्या बोळावर बाल्डरच्या बायकोचे, नान्नाचे नाव. दक्षिणेकडच्या उतारावर फ्रेया देवीचा रस्ता, आणि त्याला समांतर स्योफ्नचा. पन्हळी पत्र्याने मढवलेली लाल, हिरवी, निळी घरे, खिडकीत कुंडी, कुंडीशेजारी मांजर. आपल्याकडे मारुती गल्ली, गणपत गल्ली असते तसेच हे सगळे. फरक एवढाच, की आपल्या गल्लीत ज्याचे नाव त्याचे देऊळ सापडते. इथे एकाही पाटीमागे देऊळ नाही.

युरोपात नोकरीला असलेल्या भाच्याच्या आग्रहावरून आम्ही दोघे जून महिन्यात तिथे गेलो होतो. जूनमध्ये तिथे रात्र अशी होतच नाही. जेवण उरकून फिरायला निघालो की अकरा वाजतात आणि उजेड मात्र आपल्या दिवेलागणीसारखा. त्या उजेडात पाट्या वाचत हिंडताना स्योफ्न हे नाव अडले. स्थानिक माणसे ते 'स्योप्न' असे काहीसे उच्चारतात. थॉर आणि लोकी हल्ली इंग्रजी सिनेमांमुळे आपल्या नातवंडांनाही ठाऊक असतात. पण ही स्योफ्न कोण? माणसांची मने प्रेमाकडे वळवणारी देवी. तिच्याबद्दल एवढीच माहिती मिळते आणि तीही मुख्यतः एकाच माणसाने लिहिलेल्या एका यादीत.

तो माणूस म्हणजे स्नोरी स्टुर्लुसोन (११७९-१२४१). त्याचे गाव रेक्होल्ट, रेक्याविकपासून शंभर किलोमीटरहून थोडे अधिक. वाटेत ह्वालफ्योर्दुर नावाची खाडी आहे. १९९८ पासून तिच्या तळाखालून बोगदा आहे. पूर्वी खाडीला वळसा घालावा लागे, आता सात-आठ मिनिटांत पलीकडे. रेक्होल्टला पोहोचण्याआधी जमिनीतून वाफा दिसू लागतात. जवळच दैल्दार्तुंगुह्वेर नावाचा उकळता झरा आहे. त्यातून सेकंदाला १८० लिटर पाणी बाहेर पडते आणि तेही ९७ अंशांचे. आपल्याकडे कढण उकळते तसा आवाज करत ते पाणी खडकांतून उसळत असते.

रेक्होल्टमध्ये स्नोरीचे गोल दगडी कुंड आजही आहे. सुमारे चार मीटर रुंद, कमरेएवढे खोल, घडीव दगडांनी बांधलेले, जवळच्या झऱ्याचे ऊन पाणी पाटाने आत आणलेले. बाजूला डोंगरात शिरणारे एक छोटे लाकडी दार. स्नोरी मोठा जमीनदार, दोनदा देशाच्या सभेचा कायदेपंडित, कवी, आणि राजकारणात मुरलेला. नॉर्वेच्या राजाशी त्याचे बिनसले आणि सप्टेंबर १२४१ मध्ये एका रात्री मारेकऱ्यांनी त्याला त्याच्याच घराच्या तळघरात गाठून ठार केले. पुढे १९४७ साली नॉर्वेनेच त्याचा पुतळा भेट दिला. तो आता गावात उभा आहे. राजकारणात असे होतच असते.

स्नोरीने १२२० च्या सुमारास 'एद्दा' लिहिली. आइसलँडने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो १००० सालच्या आसपास. म्हणजे मधे दोनशेहून अधिक वर्षे गेली होती. स्नोरी स्वतः ख्रिस्ती. मग त्याने जुने देव का लिहून ठेवले? कारण कवितेसाठी. जुन्या दरबारी कवितेत सोन्याला सोने म्हणत नसत, 'फुल्लाच्या कपाळपट्टी'सारखे काहीतरी म्हणत. फुल्ला कोण हेच ठाऊक नसेल तर नव्या कवीला ती कविता कळणार कशी? म्हणून शिकणाऱ्यांसाठी त्याने कथा, नावे, नाती मांडून ठेवली. त्यात एके ठिकाणी देवी कोणकोणत्या, असा प्रश्न येतो आणि उत्तरात चौदा नावे येतात.

पहिली फ्रिग. ओदिनची पत्नी, बाल्डरची आई, सगळ्या देवींत थोर. तिचे घर फेन्सालिर, म्हणजे दलदलीतले महाल. सगळ्यांचे भवितव्य तिला ठाऊक असते, पण ती बोलून दाखवत नाही. ती गप्प असते म्हणूनच की काय, तिच्या भोवतीच्या बायकांना फार कामे आहेत. यादी वाचताना एखाद्या मोठ्या वाड्याचे माजघर डोळ्यांपुढे येते. कुणाकडे किल्ल्या, कुणाकडे निरोप, कुणाकडे आजाऱ्यांचे औषधपाणी.

फुल्ला ही मला त्यातली सगळ्यांत जवळची वाटली. ती कुमारिका, केस मोकळे सोडलेले, कपाळावर सोन्याची पट्टी. फ्रिगची पेटी ती सांभाळते, फ्रिगच्या पायतणांची काळजी घेते आणि तिची गुपिते तिलाच माहीत असतात. आपल्या भाषेत सांगायचे तर मालकिणीचा फणीकरंडा जिच्या ताब्यात, ती. आता अशा बाईला कुणी नुसती दासी म्हणेल का? जुन्या घरांत अशी एखादी बाई असे, ती पगारी आहे की नात्यातली हे मुलांना मोठे होईपर्यंत कळत नसे.

फुल्लाची एक गोष्ट 'ग्रिम्निसमाल' या काव्याच्या गद्य प्रस्तावनेत आहे. एका राजाचे दोन मुलगे, दहा वर्षांचा अग्नार आणि आठ वर्षांचा गेइरोद, मासे धरायला गेले आणि वाऱ्याने भलत्याच किनाऱ्याला लागले. तिथे एका म्हाताऱ्या जोडप्याने त्यांना हिवाळाभर सांभाळले. म्हातारी अग्नारला जीव लावी, म्हातारा गेइरोदला. ते दोघे म्हणजे फ्रिग आणि ओदिन. परत आल्यावर गेइरोदने किनाऱ्यावर उडी मारली आणि मोठ्या भावासकट होडी समुद्रात लोटून दिली. पुढे तोच राजा झाला. एकदा ओदिनने बायकोला टोमणा मारला, की तुझा पोरगा बघ कुठे गुहेत राहतो, माझा बघ सिंहासनावर. फ्रिग म्हणाली, तुझा तो इतका चिक्कू आहे, की पाहुणे जास्त झाले तर त्यांचे हाल करतो. दोघांची पैज लागली. ओदिन वेष पालटून गेइरोदकडे निघाला. इकडे फ्रिगने गुपचूप फुल्लाला आधीच पाठवले. तिने राजाला सांगितले, एक जादूगार येणार आहे, सावध राहा. खूण ही, की कितीही चवताळलेला कुत्रा असो, त्याच्या अंगावर जाणार नाही.

गेइरोद कंजूस नव्हता, हे गोष्टच सांगते. पण कुत्रे ज्याच्या अंगावर गेले नाहीत असा निळ्या झग्यातला पाहुणा आला तेव्हा राजाने त्याला धरून दोन आगट्यांच्या मधे आठ रात्री बसवून ठेवले. राजाच्या दहा वर्षांच्या मुलाला तेवढी दया आली. त्याचेही नाव अग्नारच, हरवलेल्या काकाचे. त्याने पाहुण्याला शिंगभर पेय दिले. शेवटी ओदिनने आपली ओळख सांगितली, राजा त्याला सोडवायला लगबगीने उठला, मांडीवरची तलवार घसरली आणि तो तिच्यावरच पडून मेला. राज्य अग्नार नावाच्या मुलाला मिळाले. फ्रिग पैज जिंकली, ती फुल्लाच्या एका निरोपाने. नवरा-बायकोच्या भांडणात घरची विश्वासू बाई निरोप घेऊन जाते, आणि कुणाचे तरी आयुष्य उलथते. देवादिकांचे सोडा, हे पाहिले नाही असे गाव नसेल.

दुसरी गोष्ट फार छोटी आहे. बाल्डर मारला गेला, त्याला चितेकडे नेताना नान्नाचेही दुःखाने प्राण गेले. फ्रिगने पोराला परत आणण्यासाठी हेर्मोदला मृत्युलोकात पाठवले. नऊ रात्री घोडा दौडवून तो तिथे पोहोचला. निघताना मेलेल्या माणसांनी त्याच्याजवळ वस्तू दिल्या. बाल्डरने वडिलांसाठी अंगठी दिली. नान्नाने सासूसाठी तागाचे वस्त्र आणि आणखी काही भेटी दिल्या. आणि फुल्लासाठी सोन्याची अंगठी. पाताळातून सुनेने सासरच्या करंडेवालीची आठवण ठेवली. स्नोरीने यावर एक शब्दही जास्त लिहिलेला नाही.

बाकीच्यांपैकी ग्ना ही निरोपांची बाई. तिचा घोडा समुद्रावरून आणि आकाशातून धावतो. एकदा तिला वरून जाताना पाहून खालच्या देवांनी विचारले, हे काय उडतेय? तिने जाता जाता उत्तर दिले, की मी उडत नाही, घोड्यावर बसून जाते आहे, आणि घोड्याच्या आईबापांची नावेही सांगून टाकली. ह्लीन फ्रिगच्या मर्जीतल्या माणसांना संकटातून वाचवते. एइर सर्वांत उत्तम वैद्य. हीच एइर दुसऱ्या एका काव्यात मेंग्लोद नावाच्या स्त्रीच्या नऊ सख्यांतही येते. त्या औषधाच्या डोंगरावर बसतात आणि जुनाट दुखणे असलेली बाई डोंगर चढून गेली तर बरी होते. व्योर सगळ्याची चौकशी करते, तिच्यापासून काही लपत नाही. अशी एक प्रत्येक गल्लीत असते, तिला देवी मानण्याची पद्धत मात्र आपल्याकडे नाही.

वार ही शपथांची देवी, विशेषतः स्त्री-पुरुषांनी एकमेकांना दिलेल्या वचनांची. लग्नात तिचे नाव घेत. त्यावरून एका धमाल काव्याची आठवण होते. थ्रिम नावाच्या राक्षसाने थॉरचा हातोडा चोरला आणि बदल्यात फ्रेयाला बायको म्हणून मागितले. फ्रेया इतकी संतापली, की तिच्या गळ्यातला हार तुटला. मग दाढीवाल्या थॉरलाच नवरीसारखे सजवून पाठवले, आणि पाठराखीण म्हणून लोकी. नवरीने एक अख्खा बैल आणि आठ साल्मन मासे फस्त केले. राक्षस चक्रावला तेव्हा पाठराखीण म्हणाली, तुमच्या ओढीने तिने आठ रात्री अन्नाला शिवलेले नाही हो! शेवटी वारच्या नावाने लग्न लावायला हातोडा नवरीच्या मांडीवर ठेवला गेला, आणि पुढे वऱ्हाडाचे काय झाले ते सांगायला नको.

उरलेल्यांत दोन नावे मला थिंग्वेत्लिरला पुन्हा भेटली. रेक्याविकहून पंचेचाळीस-एक किलोमीटरवर ही दरी आहे. इथे ९३० सालापासून देशाची सभा भरे, उघड्यावर, कड्याला पाठ देऊन. सिन ही दार राखणारी देवी. ज्यांनी आत येऊ नये त्यांच्यासमोर ती दार लावते. या सभेत एखाद्याला आपल्यावरचा आरोप नाकारायचा असेल तर सिन त्याच्या बाजूने उभी आहे असे म्हणत. तिच्या नावाचा अर्थच नकार. दुसरी लोफ्न. ज्यांच्या लग्नाला बंदी आहे, मनाई आहे, अशा स्त्री-पुरुषांसाठी ती फ्रिग आणि ओदिनकडून परवानगी मिळवून देते. एवढे एकच काम असलेली देवी जगात दुसरीकडे असेल तर मला ऐकायला आवडेल. सीमाभागात दोन भाषांच्या, दोन जातींच्या लग्नांसाठी किती घरांत किती वर्षे कुणाकुणाला मध्यस्थी करावी लागली, ते आपण जाणतोच.

त्याच दरीत, नदीवरच्या छोट्या पुलाजवळ एक काळाशार डोह आहे. नाव द्रेक्किंगार्हिलुर, म्हणजे बुडवण्याचा डोह. १५६४ साली आइसलँडमध्ये कडक नीतिकायदा आला. बंदी असलेल्या संबंधांसाठी पुरुषाचा शिरच्छेद आणि स्त्रीला पाण्यात बुडवणे, अशी शिक्षा. या डोहात बुडवलेल्या अठरा स्त्रियांची नोंद आहे आणि तिथल्या फलकावर त्यांची नावे लिहिली आहेत. पर्यटक पुलावर थांबतात, पाणी फार निवळ आहे म्हणून फोटो काढतात आणि मग फलक वाचतात. आम्ही नावे सावकाश वाचली. ती उच्चारायला कठीण होती, तरी वाचली. लोफ्नचे नाव एव्हाना पाचशे वर्षे कुणी घेत नव्हते.

आता अभ्यासकांची शंकाही सांगायला हवी. चौदांतल्या काहींचे स्वतंत्र पुरावे फारच तोकडे आहेत. स्नोत्रा, म्हणजे शहाणी आणि शिष्टाचार जाणणारी, ही स्नोरीखेरीज कुठे भेटत नाही. त्याने साध्या शब्दांतून काही देवी घडवल्या का, असे विचारले जाते. शिवाय 'व्होलुस्पा' या जुन्या काव्यात ह्लीन हे चक्क फ्रिगचेच नाव दिसते. मग या वेगळ्या देवी की एकीचीच नावे? एक देवी आणि अनेक नावे, की अनेक देवी आणि एक नाते, हा वाद आपल्याला नवा नाही, आणि तो मिटला नाही म्हणून कुणाचा नवस राहिलेला नाही.

फुल्लाची बाजू मात्र भक्कम आहे, आणि तिचा पुरावा जर्मनीतल्या मेर्सेबुर्गच्या चर्चमध्ये आहे. तिथल्या ग्रंथालयात १८४१ साली एका जुन्या धार्मिक हस्तलिखितात दोन मंत्र सापडले. दहाव्या शतकात लिहिलेले, म्हणजे स्नोरीच्याही आधीचे. पुढच्या वर्षी याकोब ग्रिमने ते छापले, परीकथांच्या ग्रिम बंधूंपैकी थोरला. एक मंत्र घोड्याचा मुरगळलेला पाय बसवण्याचा आहे. त्यात फ्रिया येते आणि तिच्याबरोबर तिची बहीण व्होल्ला. फ्रिया म्हणजे फ्रिग, व्होल्ला म्हणजे फुल्ला. भाषा बदलली की नाव जरा वळते, आजी आणि अज्जीइतकाच फरक. पण नाते बघा. आइसलँडमध्ये जी पेटी सांभाळणारी, ती जर्मनीत सख्खी बहीण. मालकिणीच्या बहिणीची पुढे दासी झाली, की दासीला कुणी बहीण म्हटले? मला स्वतःला पहिले खरे वाटते. परावलंबी बहिणीकडे किल्ल्या येतात आणि हळूहळू तिला कुणी बहीण म्हणेनासे होते.

फ्रिगचे नाव आपण सगळेच, न कळत, इंग्रजीतून घेत असतो. फ्रायडे हा तिचा वार. रोमन लोकांचा व्हीनसचा दिवस जर्मन भाषांत आला तेव्हा व्हीनसच्या जागी ही बसली. व्हीनस म्हणजे आपला शुक्र. म्हणून श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीची पूजा होते त्याच वारी युरोपात फ्रिगचे नाव. आणि खुद्द आइसलँडमध्ये? तिथे शुक्रवारला फोस्तुदागुर म्हणतात, उपासाचा दिवस. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला होलारचा बिशप योन ओग्मुंदारसोन याने वारांमधली जुन्या देवांची नावे काढून टाकली असे सांगतात. ओदिनचा वार झाला आठवड्याच्या मधला, थॉरचा झाला पाचवा. ज्या देशाने फ्रिगच्या कथा जपल्या, त्यानेच तिचा वार सोडून दिला. तरी २४ ऑक्टोबर १९७५ रोजी तिथल्या सुमारे ९० टक्के स्त्रियांनी नोकरी आणि घरकाम दोन्ही बंद ठेवून रस्त्यावर उतरायचे ठरवले, तो दिवस शुक्रवार होता.

नावे मात्र परत येत आहेत. ह्लीन, एइर, स्योफ्न, सागा, नान्ना ही तिथल्या मुलींची नावे असतात. जुन्या धर्माच्या अनुयायांची संस्था १९७२ साली स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी तिला सरकारी मान्यता मिळाली. ज्या हस्तलिखितात देवांची ही काव्ये उतरली ते पंचेचाळीस पानांचे जुने चामडी पुस्तक कोपनहेगनहून २१ एप्रिल १९७१ रोजी युद्धनौकेतून परत आले तेव्हा बंदरावर लोकांची गर्दी उसळली होती. जुन्या रेक्याविकमध्ये फ्रिगच्या नावाचा रस्ता आम्हाला दिसला नाही. तो दिसला शहराबाहेरच्या उल्फार्सारदालुर या नव्या वसाहतीत. तिथल्या रस्त्यांच्या नावांना शेवटी 'ब्रुन्नुर' लागते, म्हणजे विहीर. फ्रिगची विहीर, फ्रेयाची विहीर, लोफ्नची विहीर. प्रत्यक्षात सगळे नवे फ्लॅट, सायकली आणि घसरगुंड्या. लोफ्नच्या विहिरीवर एक बाई गाडीतून किराणा उतरवत होती.

परतीचे विमान कोपनहेगनवरून होते. मधे पाच तास होते म्हणून किल्ल्याजवळचे गेफ्युनचे कारंजे पाहून घेतले. अँडर्स बुंडगार्ड या शिल्पकाराचे हे काम, कार्ल्सबर्ग प्रतिष्ठानने शहराला दिलेले, १९०८ सालचे. प्रसिद्ध जलपरीपासून चालत दहा-पंधरा मिनिटे. जलपरी पाहून आलेल्यांची इथे हमखास खात्री पटते, की पुतळा मोठा असायला हरकत नसते. गेफ्युन चाबूक उगारून चार बैल हाकते आहे, बैलांच्या माना ताणलेल्या, पदर वाऱ्यावर. स्वीडनच्या राजाने तिला सांगितले होते, एका दिवसरात्रीत चार बैल नांगरतील तेवढी जमीन तुझी. तिने आपल्या चार राक्षसपुत्रांनाच बैल केले आणि नांगर इतका खोल घातला, की जमीनच उपटून समुद्रात आणली. तेच आजचे शीलान बेट, ज्यावर कोपनहेगन वसले आहे. स्नोरीच्या यादीत हीच गेफ्युन मात्र कुमारिका आहे आणि लग्नाआधी मेलेल्या मुली तिच्याकडे सेवेला जातात. चार मुलगे आणि कौमार्य यांचा मेळ घालण्याच्या भानगडीत तो पडलेला नाही.

स्नोरी सांगतो, जमीन गेली त्या जागी स्वीडनमध्ये मेलारेन सरोवर झाले, आणि बेटाची जिथे टोके आहेत तिथे सरोवराला खाचा आहेत. भाच्याने फोनवर नकाशा काढून दाखवला. मेलारेन काही बेटाशी जुळेना. पश्चिमेला आणखी एक मोठे सरोवर आहे, वेनर्न. त्याचा आकार शीलानशी जास्त जुळतो असे अनेकांना वाटते. आम्ही दोन्ही नकाशे शेजारी ठेवून पाहिले. वेनर्नच जवळचे वाटले.